चटणीत लसूण नाही, नकाशात बार आहे



मागच्या वेळी कैरीच्या लोणच्याला पाणी का सुटतं ते लिहिलं होतं आणि या वेळी बिनकांद्याच्या कटाच्या आमटीचं लिहीन असं कबूल केलं होतं. आमटी थोडी थांबेल. आज जे लिहायचं आहे ते कडू आहे, आणि ते मी तीन आठवडे मनात धरून बसले आहे.

अक्षय्य तृतीयेला आमच्या नात्यातल्या एका घराच्या नव्या हॉटेलचं भूमिपूजन झालं. शहराचं नाव लिहीत नाही, घराचंही नाही. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात असे प्रसंग आता बरेच होतात, त्यामुळे तुमच्यापैकी निम्म्या जणींना हे आपल्याच गावचं वाटेल. वाटू द्या.

मांडव मोठा होता. सात मजली इमारतीचं चित्र असलेला फ्लेक्स, त्यावर एका कोपऱ्यात आचार्यश्रींचा फोटो. महिला मंडळाच्या आम्ही सोळा जणी केशरी साड्या नेसून कलश घेऊन रस्त्यापासून खड्ड्यापर्यंत चालत गेलो. उपाध्येंनी भूमिशुद्धी केली, दिशांना अर्घ्य दिलं, सगळ्यांनी मिळून नऊ वेळा णमोकार मंत्र म्हटला. घरातल्या थोरल्यांनी हळद-कुंकू लावलेल्या कुदळीने पहिला घाव घातला. बँड वाजला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही. आपल्या माणसांचं काही मोठं उभं राहतंय याचा आनंद कुणाला होणार नाही?

मग नाश्ता. उप्पीट, जिलेबी, हिरवी चटणी. टेबलावर छापील पाटी होती : जैन, कांदा-लसूण-बटाटा विरहित. केटररच्या पोराला एका काकूंनी दोनदा विचारलं, ‘चटणीत लसूण नाही ना रे?’ तो म्हणाला, ‘नाही मावशी, तुमचा कार्यक्रम आहे, माहीत आहे आम्हाला.’

मी बशी हातात घेऊन त्या मोठ्या फ्लेक्ससमोर उभी राहिले. चित्राखाली मजल्यांची यादी होती. तळमजल्यावर आठशे माणसांचा बँक्वेट हॉल. पहिल्या मजल्यावर मल्टिक्युझिन रेस्टॉरंट. दुसऱ्या मजल्यावर लाउंज बार. वर खोल्या. सगळ्यात वर गच्चीवर ‘बार्बेक्यू’.

माझी चुलत जाऊ शेजारी आली. मी विचारलं, ‘अगं, हे लाउंज बार म्हणजे?’ ती हसली. म्हणाली, ‘आक्का, एवढं मोठं हॉटेल म्हटलं की ते ठेवावंच लागतं. आपण थोडंच पिणार आहोत?’

माझ्या हातातल्या चटणीत लसूण नव्हता. आणि ज्या जमिनीवर मी आत्ताच णमोकार म्हटला होता, तिच्या दुसऱ्या मजल्यावर दारू विकली जाणार होती.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. हॉटेलला माझा विरोध नाही. आपल्या लोकांनी हॉटेलं काढावीत, मोठी काढावीत, नफा कमवावा. बाकीच्या समाजांनी काय खावं-प्यावं हे सांगणारी मी कोण? त्यांचं घर, त्यांची चूल. माझं भांडण आपल्या घराशी आहे. ज्या इमारतीच्या नकाशात बार आणि मटणाचं स्वयंपाकघर आहे, तिच्या पायाच्या खड्ड्यात आपला मंत्र, आपला कलश आणि आपल्या बायका नकोत. मंत्र हवा असेल तर नकाशा बदला. नकाशा बदलायचा नसेल तर मंत्र मागू नका.

हे बोलल्यावर मला जी उत्तरं मिळाली ती एकेक घेते. तुम्हालाही हीच मिळतील.

पहिलं उत्तर : ‘मग शेतीही सोडा. नांगर चालवताना जीव मरत नाहीत?’

हे उत्तर देणाऱ्याला वाटतं की बाई आता गप्प बसेल. आपण दक्षिण महाराष्ट्रातले जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहोत, त्यामुळे हा प्रश्न आपल्या पूर्वजांना कधीच पडला नसेल असं थोडंच आहे? त्यांना तो आपल्याहून जास्त पडला होता. म्हणून तर हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केले : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल पेटवताना, घर झाडताना होते ती आरंभी. शेती-धंद्यात होते ती उद्योगी. गृहस्थाला या पूर्ण सुटत नाहीत, म्हणून त्याने जपून, कमीत कमी कराव्यात. ठरवून जीव घेण्याची ती संकल्पी, आणि ती श्रावकाला सोडावीच लागते. पाया खणताना किडा-मुंगी मरते याबद्दल मी बोलतच नाही. खणा. पण रोज सकाळी हॉटेलचा मॅनेजर खाटकाला फोन करून इतके किलो पाठवा म्हणून सांगणार, महिनाअखेरीला त्याचं बिल आपल्या फर्मच्या खात्यातून जाणार. ही नांगराखाली चुकून आलेली गांडुळं नव्हेत. ही ऑर्डर आहे.

आणि धंदा म्हटला की सगळंच उद्योगी हिंसेत बसतं, असंही नाही. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची यादीच आहे. आपल्या श्वेतांबर मैत्रिणी ती पंधरा कर्मादानं म्हणून ओळखतात. आपल्याकडे पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात पंधरा खरकर्मं म्हणून ती घेतली आहेत. त्या यादीत रसवाणिज्य आहे आणि त्यात मद्याचा व्यापार येतो. यादी शेकडो वर्षं जुनी आहे. लाउंज हा शब्द तेव्हा नव्हता एवढंच.

दुसरं उत्तर : ‘बार आपण चालवणार नाही. तो चालवायला दिलाय. आपण फक्त भाडं घेतो.’

हे मला सगळ्यात हुशार उत्तर वाटलं, कारण यात पैसा आपल्याकडे येतो आणि पाप दुसऱ्याच्या नावावर जातं. पण आपल्या धर्मात ही पळवाट आधीच बुजवलेली आहे. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला संमती देणं. तिन्ही मोजली जातात, मनाने, वाणीने आणि कायेने. प्रतिक्रमणात आपण हे दर वेळी म्हणतो. बार चालवायला देणं म्हणजे कारित. त्याच्या भाड्यावर समाधानी असणं म्हणजे अनुमोदना. आणि त्याच्या पायाभरणीला कलश घेऊन चालणं? तीही अनुमोदनाच, मैत्रिणींनो, बँड लावून केलेली. माझी स्वतःची धरून सोळा बायकांची.

तिसरं उत्तर एका भाच्याने दिलं. शिकलेला आहे, प्रेमळ आहे, म्हणून त्याचं उत्तर मला खरंच लागलं. म्हणाला, ‘मामी, आपला ऊस कुठं जातो? कारखान्याला. मळीचं काय होतं? डिस्टिलरीत जाते. मग आपल्या घरात गेली चाळीस वर्षं आलेला पैसा कुठला?’

यावर मी दोन दिवस विचार केला. तो चुकीचं बोलत नाही. मळीपासून अल्कोहोल होतं, त्यातलं काही इंधनात जातं, काही औषधात, काही बाटलीत. आपला हात पूर्ण स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. पण माझ्या शेतातून ऊस साखरेसाठी जातो, आणि पुढच्या चौथ्या दारात त्याचं काय होतं हे मी ठरवत नाही. हॉटेलच्या नकाशात बार घालायचा की नाही हे मात्र आपणच ठरवतो, पेन्सिल आपल्या हातात आहे. एका बाजूने पूर्ण स्वच्छ होता येत नाही म्हणून दुसऱ्या बाजूने मुद्दाम चिखलात उतरायचं, हा हिशोब कुठला? अष्टमीला उपवास झेपला नाही तर आपण एकाशन करतो. उपवास नाही झेपला म्हणून रात्री बारा वाजता जेवायला बसत नाही.

आणि उसाचा विषय निघालाच आहे तर अक्षय्य तृतीयेबद्दल बोलू. मुहूर्त चांगला म्हणून हा दिवस निवडला होता. हा दिवस आपल्याकडे कशासाठी आहे? भगवान ऋषभदेवांना दीर्घ उपवासानंतर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने पहिला आहार दिला तो हा दिवस. लोकांना मुनींना आहार कसा द्यावा हेच माहीत नव्हतं. कुणी हिरे पुढे करत होतं, कुणी हत्ती-घोडे. श्रेयांसाने उसाचा रस दिला. दानतीर्थ या दिवशी सुरू झालं असं आपण मानतो. पाहुण्याला काय वाढावं हे माणसाला ज्या दिवशी कळलं, तो दिवस आपण पाहुण्याला दारू वाढायच्या इमारतीसाठी निवडला. इक्षुरसाच्या दिवशी रसवाणिज्य. पंचांगात मुहूर्त पाहिला, पण दिवस कशाचा ते पाहिलं नाही.

चौथं उत्तर : ‘बारशिवाय मोठं हॉटेल चालत नाही.’

गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. परवानाधारकांची काही दुकानं आणि अलीकडच्या थोड्या सवलती सोडल्या तर तिथे हॉटेलांत उघडा बार नाही. अहमदाबाद, सुरत, वडोदऱ्याला मोठी हॉटेलं नाहीत का? आपल्याकडे वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकं दारूबंदी आहे, तिथेही लोक येतात, राहतात, लग्नं लावतात. आणि आपल्याच पुणे-बेंगळुरू रस्त्यावर खंडाळ्यापासून कऱ्हाडपर्यंत ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीखाली रविवारी गाडी लावायला जागा मिळते का बघा. तिथे जेवणारे सगळे जैन आहेत का? लिंगायत, ब्राह्मण, मराठा, वारकरी, माळकरी, लहान पोरं घेऊन निघालेली मुसलमान कुटुंबंसुद्धा दिसतात. बारशिवाय नफा कमी होईल, हे मला मान्य आहे. तो कमी झालेला नफा हीच धर्माची किंमत. धर्म फुकट मिळत असता तर पाळायला काय हरकत होती?

पाचवं उत्तर सगळ्यात गोड बोलून दिलं जातं : ‘त्याच पैशातून मंदिराला देणगी देणार आहोत. मानस्तंभाचं काम अडलंय.’

मुनी महाराजांचा आहार आपल्या घरी असतो तेव्हा आपण काय काय पाहतो, आठवा. विहिरीचं पाणी, गाळलेलं, उकळलेलं, किती तास झाले ते मोजलेलं. पीठ घरी दळलेलं आणि किती दिवसांचं. दूध समोर काढलेलं. हात धुतलेले, कपडे सोवळ्याचे. चौक्यात एक केस सापडला तर अंतराय होतो. एवढ्या बारीक नजरेने पाण्याचा उगम पाहणारे आपण पैशाचा उगम का पाहत नाही? गृहस्थाच्या गुणांत सागारधर्मामृताने पहिला गुण न्यायाने मिळवलेल्या धनाचा सांगितला आहे. पूजा, दान त्यानंतर. बारच्या नफ्यातून मानस्तंभ उभा करण्यापेक्षा तो आणखी दहा वर्षं अडलेला बरा.

सहावं उत्तर मला पुरुषांकडून नाही, एका बाईकडूनच मिळालं. ‘आपण बायकांनी कशाला पडायचं त्यात? धंद्यातलं आपल्याला काय कळतं?’

इथे मात्र मी गप्प बसणार नाही, कारण धंद्यात आपण पडलेल्याच आहोत. आपल्याला न विचारता पाडलंय. फर्मच्या कागदावर कुणाकुणाची नावं आहेत ते जरा काढून बघा. थोरल्या सूनबाई दहा टक्के, धाकट्या दहा टक्के, सासूबाई पाच टक्के. घर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तिथेही आपलं नाव. कर वाचवायला, कर्जाला जामीन म्हणून आपली सही चालते. ‘इथे, इथे आणि इथे सही कर’ म्हणून पेन हातात दिलं जातं, गॅसवर दूध ठेवलेलं असतं, आपण करून टाकतो. भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि त्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला जबाबदार धरला जातो, फक्त आपल्या दहा टक्क्यांपुरता नाही. कर्ज बुडालं तर बँक आपल्याही दागिन्यांपर्यंत येते. म्हणजे कर्ज आपलं, जामीन आपला, कलश आपला. फक्त दुसऱ्या मजल्यावर काय असावं हे ठरवताना आपल्याला काही कळत नाही!

मलाही पाच टक्क्यांचा भाग देऊ केला होता. कागद घरी आला होता. मी आधी नकाशा मागितला, तो आला नाही, म्हणून सही केली नाही. पण भूमिपूजनाचं निमंत्रण आल्यावर ‘नात्यात तेढ नको’ म्हणून कलश मात्र घेतला. सही टाळली आणि अनुमोदना दिली. माझी ही चूक मी इथे लिहून ठेवते आहे, म्हणजे दुसऱ्यांवर बोट ठेवताना माझं बोट आधी माझ्याकडे वळलेलं असेल.

त्या दिवशी एका पाहुण्यांनी भाषणात मुंबईच्या ताजचं उदाहरण दिलं. जमशेटजी टाटांनी पाया घातला तेव्हा लोक हसले होते, आज बघा, वगैरे. ताजची गोष्ट मलाही आवडते. मुंबईत १८९६ पासून प्लेग सुरू झालेला, माणसं शहर सोडून पळत होती, अशा काळात त्या माणसाने समुद्राकाठी हॉटेल बांधायला घेतलं. त्याचे एक वास्तुविशारद रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आपले मराठी होते. १६ डिसेंबर १९०३ ला ते उघडलं. पहिल्या महायुद्धात त्याचंच सहाशे खाटांचं इस्पितळ झालं. बारही तिथे आहे, १९३३ पासूनचा, प्रसिद्ध आहे. पण जमशेटजी पारशी होते. त्यांनी आपल्या धर्माने मना केलेलं काही आपल्या धर्माच्या मंत्राने सुरू केलं नाही. त्यांचं उदाहरण आपल्याला लागू कसं पडतं?

आपल्याला लागू पडणारं उदाहरण त्याच मुंबईत, त्याच काळातलं आहे. ताज उघडलं त्याच सुमारास सी. पी. टँकला शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरींनी हिराबाग धर्मशाळा बांधली. मोत्यांचा मोठा व्यापारी, दिगंबर जैन. पैसा त्यांच्याकडेही होता. परगावाहून मुंबईला येणाऱ्या माणसाला पथारी टाकायला जागा, स्वच्छ पाणी आणि खाता येईल असं अन्न मिळावं, हा त्यांचा विचार. गावोगाव जैन बोर्डिंगं निघाली त्यामागेही त्यांचा हात होता. त्यांच्या कन्या मगनबाईंनी विधवा आणि निराधार बायकांसाठी श्राविकाश्रम चालवला. पाहुणचार हा धंदा आपल्या लोकांना येत नव्हता असं नाही. आपण तो वेगळ्या पद्धतीने करत होतो.

आणि सातारा-सांगलीच्या बायकांना मुंबईचं उदाहरण तरी कशाला हवं? कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातलेच. कुंभोजला जन्म, घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवड्याचं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. त्या पोरांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं एकेक करून मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरात वाढलेल्या. त्यांना सोवळं-ओवळं आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते बाजूला ठेवून त्या चुलीपुढे बसल्या.

भाऊरावांच्या चरित्रात आणखी एक प्रसंग आहे. विद्यार्थी असताना ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य मुलांसाठी तिथे मिस क्लार्क होस्टेल निघालं, १९०८ ची गोष्ट, त्याच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ कर आणि मगच जेवायला बस. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडलं.

हा प्रसंग मला या तीन आठवड्यांत फार वेळा आठवला. गरीब पोरांना राहायला जागा होते आहे, अशा समारंभाला जाऊन आलेल्या मुलाला आपल्या समाजाने तेव्हा विटाळलेला ठरवलं. आज बारच्या पायाभरणीला जाऊन आलेल्या आम्ही सोळा जणी थेट जेवायला बसलो, कुणी आंघोळीचं नाव काढलं नाही. विटाळ कशाचा मानायचा हे आपण तेव्हाही चुकलो आणि आजही चुकतो आहोत. तेव्हा माणसाचा मानला. आता कशाचाच मानत नाही, फक्त लसणाचा मानतो.

लसणावर माझा राग नाही. मी स्वतः खात नाही, माझ्या सुना खात नाहीत. पण कांदा-लसूण सोडायचा तो मूळगुण पाळून झाल्यावर. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाचे आठ मूळगुण आहेत, त्यात मद्य, मांस, मधाचा त्याग आणि पाच अणुव्रतं. मद्य आणि मांस ही उंबऱ्यावरचीच पायरी आहे. ती ओलांडलीच नाही आणि माडीवर जाऊन लसूण निवडत बसलो, तर त्याला काय म्हणायचं?

आता, नुसतं रागावून उपयोग नाही. काय करता येईल ते सांगते.

एक, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी पूर्ण नकाशा मागा, मजल्यांसकट. पाच मिनिटांचं काम आहे. दूध उतू गेलं तर जाऊ द्या.

दोन, महिला मंडळाने ठराव करावा. कलश, मंगलाचरण, केशरी साड्या हव्या असतील तर आधी एक प्रश्न : या जागेत मद्य-मांस विकलं जाणार आहे का? उत्तर हो असेल तर आम्ही घरूनच शुभेच्छा देऊ. भांडण नाही, बहिष्कार नाही. पोराबाळांच्या लग्नाला जाऊ, आजारपणात डबा देऊ. फक्त कलश नाही. आणि आचार्यश्रींचा फोटो अशा फ्लेक्सवर लावू नये, हे मंदिर कमिटीला लेखी कळवावं.

तीन, जे घर बार न ठेवता हॉटेल काढेल, त्याच्या पाठीशी आपण बायकांनी उभं राहावं. डोहाळजेवणं, बारशी, साखरपुडे, पारणी, सगळी तिथे. रात्रिभोजन न करणाऱ्यांसाठी संध्याकाळी पाचला गरम जेवण मिळेल अशी जागा या पट्ट्यात किती आहेत? आपला व्यवसाय आपणच त्यांना दिला तर ‘बारशिवाय चालत नाही’ हे वाक्य बंद होईल.

चार, हे सगळ्याच बायकांचं आहे, नुसत्या जैनांचं नाही. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर दारूबंदीसाठी मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की परवाने बंद. नीट वाचा, एकूण मतदारांच्या निम्मे, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे त्या दिवशी जी बाई घरी राहते तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं. साताऱ्याच्या परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्राचं काम डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलं. तिथे नवऱ्याला घेऊन येणाऱ्या बायका कुठल्या जातीच्या असतात हे कुणी विचारत नाही. दारू पिणाऱ्याच्या घरात चूल बाईचीच विझते. आपल्या पाच-दहा टक्क्यांच्या नफ्याचा दुसरा टोक तिथे आहे.

जाऊबाईंचा त्या दिवसानंतर फोन नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. मला तिची आठवण येते. दसलक्षण पर्वात आम्ही दोघी मिळून पुरण घालतो, यंदा काय होईल माहीत नाही. तिच्यावर माझा राग नाही. तिनेही गॅसवर दूध ठेवूनच सही केली असणार. ती हे वाचत असेल तर तिला एवढंच सांगते : इमारत अजून जमिनीच्या वर आलेली नाही. फक्त खड्डा झालाय. पाया भरेपर्यंत दुसरा मजला बदलता येतो. तू दहा टक्क्यांची भागीदार आहेस. विचारण्याचा तुझा हक्क आहे, आणि तू विचारलंस तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः सोळा जणींना घेऊन येईन. कलश पुन्हा भरू, णमोकार पुन्हा म्हणू, आणि या वेळी नाश्ता माझ्याकडून.

आमटीची कृती पुढच्या वेळी नक्की.

जय जिनेंद्र.